धनत्रयोदशीच्या गर्दीत घेतलेला फोन आणि सातशे रुपयांचा संशय

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहतो. सहा एकर कोरडवाहू शेती आहे. यजमानांच्या जुन्या फोनचा अर्धा टच श्रावणातच गेला होता आणि ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, शेजारच्या मुलाच्या फोनवरून कशीबशी केली. कापसाच्या नोंदणीसाठी आता स्वतःचा चांगला फोन लागणारच होता, म्हणून सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर धनत्रयोदशीच्या दिवशी आम्ही दोघे तालुक्याला गेलो. नेमका बाजाराचाही दिवस होता. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तिथला एक मुलगा, असेल बावीस-तेवीस वर्षांचा, पुढे येऊन म्हणाला, "काकाजी, आता बसले तर तासभर बसा लागन, अन् माह्याच्यानं नीट दाखवनं नाही होनार. तुमी बाजार करून या, साडेतीनले या." आम्हाला वाटले, टाळले. तरी गेलो, तर त्याने हातातले काम दुसऱ्याकडे देऊन आम्हाला खरेच स्टुलावर बसवले.

यजमानांनी काचेतला १९,००० रुपयांचा फोन हप्त्यांवर घ्यायचे मनात धरले होते. मुलाने आधी विचारले की गावात कोणत्या सिमला रेंज असते, फोन कोण कोण वापरणार आणि वावरात न्यायचा आहे का. मग तो फोन बाजूला ठेवून १३,४०० चा दाखवला. महाग फोनच्या खोक्यावर लिहिलेल्या सोळा जीबीतले आठच खरे असतात, असेही काहीतरी सांगितले, ते आम्हाला कळले नाही. हप्ते नको, रोखीने घ्या म्हणाला. खोके आमच्यासमोर फोडले, जुन्या फोनमधले नंबर नव्यात घेऊन दिले, जीमेलचा पासवर्ड यजमानांनाच टाकायला लावला आणि स्वतः तोंड फिरवून उभा राहिला. काच आणि कव्हर मिळून तीनशे झाले. बिलासाठी म्हणून आधार कार्डाचा फोटो मात्र त्याने आपल्या फोनमध्ये काढून घेतला. निघताना मी पन्नास रुपये देऊ केले, ते घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून पुतण्या आला. त्याने पाहून सांगितले की हाच फोन ऑनलाइन १२,७०० ला आहे आणि इतके गोड बोलणारा माणूस फुकट बोलत नसतो. दिवाळीभर घरात हाच विषय झाला. यजमान तर गप्पच झाले आहेत. मला तो मुलगा लबाड वाटत नाही, पण खात्रीही देता येत नाही. आम्ही फसलो का? अशी वागणूक मनापासूनची की धंद्यापुरती, हे ओळखायचे कसे? आणि तो चांगला असेल, तर त्याचे उतराई कसे व्हावे? बिलावरचा मजकूर वेगळ्या कागदावर उतरवून सोबत पाठवत आहे.

— एक शेतकरी गृहिणी

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही फसलेला नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या पत्रातली चिंता सातशे रुपयांपेक्षा यजमानांच्या गप्प होण्याची अधिक आहे असे मला वाटते आणि त्यांना हे उत्तर वाचून दाखवताना पहिलेच वाक्य त्यांच्या कानी पडावे अशी माझी इच्छा आहे. मात्र पुतण्यालाही मी सरसकट चूक ठरवणार नाही. गोड बोलणे हा चांगुलपणाचा पुरावा होत नाही, एवढे त्याचे म्हणणे बरोबर आहे, आणि ते मला स्वतःला पैसे मोजून शिकावे लागले आहे.

काही वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी फोन घेतला. दुकानदाराने खुर्ची दिली, चहा पाजला, गावाचे नाव विचारून तिथल्या ओळखी काढल्या आणि शेवटी आवाज उतरवून म्हणाला की, पक्के बिल घेतलेत तर अठरा टक्के जीएसटी वेगळा भरावा लागेल, तुम्ही आपले माणूस आहात म्हणून कच्च्या चिठ्ठीवर देतो. त्या आपुलकीने मी इतका विरघळलो की चिठ्ठीवर दुकानाचे नाव आहे का हेही पाहिले नाही. दोन महिने होण्याच्या आत पडद्यावर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ आली, सेवा केंद्राने बिल मागितले आणि दुकानदाराने मला ओळखच दाखवली नाही. मोबाइल फोनवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासून अठरा टक्के आहे हे खरे. पण खोक्यावर छापलेल्या कमाल किमतीत सगळे कर धरलेलेच असतात, आणि बिल मागितले म्हणून त्या किमतीच्या वर एक रुपयाही घेता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर बिल न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा म्हणून नोंदवलेली आहे. तुम्हाला फोन विकणाऱ्या मुलाने पक्के बिल दिले आहे, त्यावर दुकानाचा जीएसटी क्रमांक आहे हे तुम्ही उतरवून पाठवलेल्या मजकुरावरून दिसते. चहा त्याने दिला की नाही, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही.

म्हणून विकणाऱ्याची पारख त्याच्या जिभेवरून करू नये. त्याऐवजी एक गोष्ट आठवून पाहावी: ज्या ज्या ठिकाणी तो नुसता गप्प राहिला असता तरी त्याचे दोन पैसे वाढले असते, त्या त्या ठिकाणी तो काय बोलला? तुमचे पत्र या नजरेने वाचले, तेव्हा अशी चार ठिकाणे मला सापडली.

पहिले ठिकाण म्हणजे त्याने तुम्हाला परत पाठवले ते. तुम्हाला तो टाळण्याचा प्रकार वाटला आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे, कारण गर्दीच्या दुकानात आपण "दोनच मिनिटं काकू" हे वाक्य ऐकून पाऊण पाऊण तास ताटकळलेलो असतो. पण दुकानाच्या बाजूने विचार करा. धनत्रयोदशी आणि बाजार एकाच दिवशी म्हणजे त्या दुकानाची वर्षातली सर्वांत मोठी कमाई, आणि अशा दिवशी दारात आलेले गिऱ्हाईक बाहेर जाऊ देणे म्हणजे ते समोरच्या दुकानात जाऊ देणे. म्हणूनच बहुतेक दुकानांत गिऱ्हाइकाला अडकवून ठेवतात: एकाच्या हातात एक खोके देतात, दुसऱ्याला किंमत सांगून सोडतात, तिसऱ्याचे सिम काढून ठेवतात, जेणेकरून कोणालाच उठून जाता येऊ नये. त्या मुलाने तुम्हाला खरी वेळ सांगितली, तुमचा भाजीपाला आणि पणत्या घेऊन होतील एवढा अवधी दिला आणि साडेतीन म्हणजे साडेतीनलाच जागा करून दिली. गर्दीच्या दिवशी प्रत्येकाला भरपूर वेळ देणे कोणत्याच दुकानाला जमणारे नाही. पण किती वेळ लागेल हे खरे सांगणे आणि सांगितलेला शब्द पाळणे हे जमण्यासारखे असते. मी गर्दीच्या दिवसातली चांगली सेवा म्हणतो ती एवढीच, आणि ती फार कमी ठिकाणी मिळते. (बाजारातून परत येताना शेजारच्या दुकानात डोकावून भाव विचारण्याची मोकळीकही तुम्हाला त्यातून आपोआप मिळाली होती. ती तुम्ही वापरली नाही, त्याकडे मी पुढे येतो.)

दुसरे ठिकाण म्हणजे त्याचे तीन प्रश्न. ज्याला फक्त माल खपवायचा असतो तो आधी "बजेट किती?" असे विचारतो आणि सांगितलेल्या आकड्याच्या वरचा फोन काढतो. गावात रेंज कोणत्या सिमची आहे हे विचारणाऱ्याला तुमचे गाव दुकानातून दिसते आहे. ई-पीक पाहणीचे ॲप राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून आले, आणि त्यात बांधावर उभे राहून, फोनचे लोकेशन चालू ठेवून पिकाचा फोटो काढावा लागतो. भारतीय कापूस महामंडळाने २०२५-२६ च्या हंगामापासून हमीभावाने कापूस द्यायचा असेल तर कपास किसान ॲपवर नोंदणी आवश्यक केली, आणि तिथेही ओटीपी येण्यासाठी तुमच्याच क्रमांकाला रेंज हवी. म्हणजे तुमच्या फोनला उन्हात वाचता येणारा पडदा, जागा बरोबर दाखवणारे लोकेशन, दिवसभर पुरणारी बॅटरी आणि गावात चालणारे सिम या चार गोष्टी हव्यात. खेळ खेळण्यासाठी लागणारा वेगवान प्रोसेसर त्यात कुठेच येत नाही, आणि १९,००० च्या फोनमध्ये तुम्ही बहुधा त्याचेच पैसे मोजले असते.

सोळातले आठच खरे, हे जे तुम्हाला कळले नाही, ते समजावून सांगतो, कारण यावर पुष्कळ शिकलेली माणसेही फसतात. फोनमध्ये रॅम आणि साठवण अशा दोन वेगळ्या गोष्टी असतात. साठवण म्हणजे आपली कोठी, जिथे फोटो, व्हिडिओ, ॲप पडून राहतात. आणि रॅम म्हणजे खळे, जिथे त्या क्षणी चालू असलेले काम पसरलेले असते. खळे मोठे असेल तर काम अडत नाही. आता काही कंपन्या कोठीचा एक कोपरा झाडून त्यालाही खळेच म्हणतात आणि खोक्यावर आठ अधिक आठ मिळून सोळा असे ठसठशीत छापतात. कोठीत मळणी होत नाही असे नाही, पण ती संथ होते आणि कोठीतली जागाही तेवढी कमी होते. अक्षरे बारीक असली तरी खरा आकडा खोक्यावरच कुठेतरी लिहिलेला असतो, त्यामुळे याला उघड लबाडी म्हणता येत नाही. पण दुकानातल्या माणसाने ते आपणहून सांगितले, हे मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. मोठ्या दुकानांत एखाद्या कंपनीचा टी-शर्ट घालून उभी असलेली मुले पुष्कळदा दुकानाची नसून त्या कंपनीने पगार देऊन ठेवलेली असतात आणि आपल्याच कंपनीचा, त्यातही महागातला फोन खपवला तर त्यांना वर काही मिळते. त्यांच्याकडून असे वाक्य निघणे अवघड, आणि त्यात त्या मुलांचाही मोठासा दोष नाही.

तिसरे ठिकाण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे हप्त्यांचा फोन बाजूला ठेवून रोखीचा देणे. हप्त्यांवर विक्री झाली की दुकानाला फोनच्या नफ्याखेरीज कर्ज देणाऱ्या कंपनीकडूनही काही मिळण्याची सोय असते, आणि त्याच कागदांत फोनचा विमा, वाढीव वॉरंटी अशा गोष्टी अलगद बसवता येतात. फलकावर "शून्य टक्के व्याज" असे लिहिलेले असले तरी, व्याज नसलेले कर्ज अशी काही वस्तू नसते हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. ते व्याज प्रक्रिया शुल्कात तरी असते किंवा रोखीच्या गिऱ्हाइकाला मिळणारी सूट तुम्हाला नाकारण्यात तरी. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक कर्जाआधी सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर सांगणारे एक पत्रक कर्जदाराला, त्याला समजणाऱ्या भाषेत, देणे बंधनकारक झाले आहे. धनत्रयोदशीच्या गर्दीत ते पत्रक मागणारा आणि शांतपणे वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पण व्याजापेक्षा मोठी अडचण वेगळी आहे. पगारदाराचे पैसे महिन्याला येतात, म्हणून हप्ताही महिन्याला असतो. आपल्याकडे पैसा येतो तो सोयाबीन निघाल्यावर आणि कापसाच्या वेच्यांबरोबर, आणि चैत्र-वैशाखानंतर खते-बियाण्यांच्या वेळी तर तो फक्त बाहेर जात असतो. हप्ता मात्र ज्येष्ठ पाहत नाही आणि आषाढही पाहत नाही. खात्यात पैसे नसले की कंपनी दंड लावते, बँक वेगळा दंड कापते, आणि थकलेल्या हप्त्याची नोंद पत-इतिहासात बसून पुढे कोणतेही कर्ज मागताना समोर येते. त्या मुलाने हे सगळे तुम्हाला समजावले असेल असे नाही. कदाचित त्याच्या घरीही शेती असेल आणि त्याने ते न समजावताच ओळखले असेल.

चौथे ठिकाण म्हणजे तोंड फिरवून उभे राहणे. वाचताना मी इथे थांबलो आणि ते वाक्य पुन्हा वाचले. खेड्यापाड्यांत नवा फोन घेतला की बहुतेक वेळा दुकानातलाच मुलगा जीमेलचे खाते काढतो, सुचेल तो पासवर्ड टाकतो, आणि फोन मालकाच्या हाती देतो. पासवर्ड ना मालकाला ठाऊक असतो, ना त्या मुलाच्या लक्षात राहतो. याची किंमत पुढे कळते. २०१५ पासून अँड्रॉइड फोनमध्ये असे कुलूप आहे की फोन पुसून पुन्हा नव्याने सुरू करायचा झाला, तर तो आधीच्या खात्याचा पासवर्ड किंवा पडद्याचे जुने कुलूप मागतो. चोराला फोन वापरता येऊ नये म्हणून ही योजना आहे. पण ज्याला स्वतःच्याच खात्याचे नाव माहीत नाही, त्याला तो फोन चोरासारखेच दाराबाहेर उभे करतो. शिवाय दुसऱ्याने ठरवलेला पासवर्ड म्हणजे तुमचे फोटो, तुमच्या नातेवाइकांचे नंबर आणि फोन शोधण्याची सोय, या सगळ्यांची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. तुमच्या यजमानांनी स्वतः अक्षरे दाबली, त्या मुलाने पाहिलेही नाही, आणि मागे गर्दी खोळंबलेली असताना त्याने त्यासाठी वेळ दिला. खात्याचे नाव आणि पासवर्ड आता घरातल्या वहीत लिहून ती वही जमिनीच्या कागदांबरोबर ठेवा. फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवू नका. पुष्कळ लोक तसे करतात आणि फोनबरोबर चिठ्ठीही हरवते.

आता सातशे रुपयांकडे येऊ. ही रक्कम मी किरकोळ म्हणणार नाही. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावानेही तुमचा फोन अडीच क्विंटल सोयाबीनचा झाला आणि सातशे रुपये म्हणजे तेरा किलो. बाजारात हमीभावाच्या खालीच विकावे लागले असेल, तर तेरा किलोंचे चौदा-पंधराही होतील. पण पुतण्याने पाहिलेली किंमत कोणाला मिळणारी आहे, हे त्याला पुन्हा बघायला सांगा. सणाच्या दिवसांत ऑनलाइन दिसणारी सर्वांत कमी किंमत पुष्कळदा ठरावीक बँकेच्या क्रेडिट कार्डावर, किंवा जुना फोन बदलून दिल्यास मिळणारी असते. यजमानांकडे ते कार्ड नसेल आणि जुन्या फोनचा अर्धा टच गेलेला असेल, तर त्यांच्यासाठी ती किंमत नाहीच. ती सर्वांसाठी असली तरी फोन तुमच्या गावापर्यंत आणून देतात का, खोके उघडून तपासू देतात का, अडले तर कोणाकडे जायचे, हे प्रश्न उरतात. नंबर नव्या फोनमध्ये घेणे आणि खाते काढणे यासाठी तालुक्याच्या एखाद्या दुकानात जावेच लागले असते, आणि एसटीत तुमचे तिकीट अर्धे असले तरी यजमानांचे पूर्ण आहे. पुण्यात राहणाऱ्या, हातात कार्ड असलेल्या आणि फोन स्वतः सुरू करता येणाऱ्या पुतण्याने ऑनलाइन घ्यावा, यात काही गैर नाही. त्याचा हिशेब त्याच्या जागी बरोबर आहे. तुमच्या जागी तो लागू पडत नाही.

तरीही थोडी चूक तुमच्याकडून झाली, आणि ती आता सांगतो. बाजार करून परत येईपर्यंत हाताशी वेळ होता, तरी दुसऱ्या दुकानात भाव विचारला नाहीत; आणि १३,४०० चा फोन समोर आल्यावरही, पैसे मोजण्याआधी पुतण्याला एक फोन करून त्याचा भाव विचारता आला असता, आणि तो आकडा त्या मुलापुढे शांतपणे ठेवता आला असता. ऑनलाइनइतके उतरले नसते, पण काच आणि कव्हरचे तीनशे बहुधा कमी झाले असते, कारण दुकानाला खरा नफा याच बारीक वस्तूंत असतो आणि म्हणून सोडायलाही त्याच सोप्या असतात. भाव विचारण्यात भिडेचे काही कारण नाही. चांगल्या विकणाऱ्याला त्याचा राग येत नाही. काच आणि कव्हर घेतलेच पाहिजे, नाहीतर फोन मिळणार नाही, असे मात्र कोणी म्हणाले तर ती २०१९ च्या कायद्याप्रमाणे निर्बंधक व्यापारी प्रथा ठरते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तिची तक्रार करता येते. तुमच्या पत्रात तशी सक्ती कुठे दिसत नाही.

त्या मुलाचीही एक चूक झाली आहे, आणि तो भला आहे म्हणून ती झाकणे बरोबर नाही. रोखीने फोन घेताना आधार कार्ड लागत नाही. नवे सिम घ्यायचे असेल किंवा हप्त्यांचे कागद करायचे असतील तर ओळखपत्र मागतात. नुसत्या बिलावर नाव, गाव आणि मोबाइल क्रमांक तोंडी सांगितला तरी पुरतो. त्याने वाईट हेतूने फोटो काढला असे मला मुळीच वाटत नाही. मराठी नावाचे इंग्रजी स्पेलिंग चुकू नये म्हणून दुकानांतली मुले असे करतात आणि गर्दीत तो फोटो तसाच राहून जातो. पण उद्या त्याचाच फोन हरवला, तर त्यातल्या शंभर गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांचे काय? तेव्हा पुढच्या खेपेला त्याला सांगून तो फोटो तुमच्यासमोर पुसायला लावा, आणि पुसलेले फोटो काही दिवस जिथे पडून राहतात त्या कचरापेटीतूनही काढायला लावा. कुठे आधारची प्रत द्यावीच लागली, तर ज्यावर फक्त शेवटचे चार अंक दिसतात अशी झाकलेली प्रत आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावरून काढता येते. त्या प्रतीचा एक छापील कागद घरात करून ठेवा, म्हणजे पुन्हा पुन्हा मूळ कार्ड बाहेर काढावे लागणार नाही.

उतराई होण्याविषयी तुम्ही विचारले आहे. पन्नास रुपये त्याने नाकारले ते बरेच झाले. तुमच्या मनात त्यामुळे जागा राहिली. त्याच्या उपयोगाची गोष्ट वेगळी आहे. गर्दीच्या दिवशी एका गिऱ्हाइकामागे अर्धा तास घालवणारा आणि १९,००० ऐवजी १३,४०० चा फोन विकणारा मुलगा मालकाच्या वहीत मागे पडलेला दिसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून दुकानात गेलात की मालक गल्ल्यावर बसलेला असताना, चार गिऱ्हाइकांच्या देखत, यजमानांनी स्वतः सांगावे की या पोराने आम्हाला वेळ दिली ती पाळली आणि नको तो खर्च वाचवला, म्हणून आमच्या गावातले पुढचे दोन फोन इथूनच येतील. यजमानांनीच सांगावे असे मी मुद्दाम म्हणतो आहे. मनात धरलेला महाग फोन एका मुलाच्या शब्दावर बाजूला ठेवणे सोपे नव्हते. त्यांनी ते केले आणि बदल्यात घरात "गंडवले गेले" असे ऐकून घेतले. ते ज्या दिवशी दुकानात बोलतील, त्या दिवशी घरातला त्यांचा अबोला सुटेल असा माझा अंदाज आहे. गावातल्या कोणाला तिथे पाठवायचे असेल तर बाजाराचा दिवस सोडून, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या पाठवा. त्या मुलाचाही वेळ वाचेल आणि घेणाऱ्यालाही नीट पाहता येईल.

आणि तिथे तुम्हाला लवकरच जावे लागणार आहे. तुम्ही उतरवून पाठवलेल्या बिलात फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक फोनची वेगळी ओळख सांगणारा क्रमांक, मी मोजला, तर तो चौदाच अंकी भरला. हा क्रमांक पंधरा अंकी असतो आणि दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. उतरवताना तुमच्याकडून एक अंक सुटला असेल, किंवा त्या गर्दीत त्या मुलाकडून. आजच फोनवर *#०६# दाबा, पडद्यावर दोन्ही क्रमांक येतील. ते खोक्यावरच्या चिठ्ठीशी आणि मूळ बिलाशी अंक अंक लावून ताडून पाहा. उद्या फोन हरवला तर पोलिसांत तक्रार देऊन तो देशभर बंद पाडण्याची सोय संचार साथी या सरकारी पोर्टलवर मे २०२३ पासून आहे, आणि तिथे हाच क्रमांक आणि हेच बिल मागतात. वॉरंटीच्या वेळी सेवा केंद्रातही तेच. चूक बिलातच निघाली तर बिल, खोके आणि फोन तिन्ही पिशवीत घालून एखाद्या निवांत सकाळी जा आणि दुरुस्त बिल शिक्क्यासह घेऊन या. आधारचा फोटो पुसून घेण्याचे कामही त्याच खेपेत होईल. दिवाळीचा चिवडा डब्यात उरला असेल तर तोही थोडा बरोबर न्या. पन्नास रुपये नाकारणारा मुलगा चिवड्याला नाही म्हणणार नाही.